आभास किती, वास्तव किती?



रज्जुसर्पाचा दृष्टान्त आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. अंधारात दोरी साप भासते. दिवा आणला की भ्रम मावळतो. आज विज्ञानाने असा साप निर्माण केला आहे, जो भर उजेडातही दिसतो. त्याला कोणी व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतो, कोणी ऑगमेंटेड, तर कोणी मिक्स्ड. जाहिरातींत ही नावे एकमेकांच्या जागी सर्रास येतात. शब्द सैल झाला की विचारही सैल होतो. म्हणून प्रथम व्याख्या पाहू.

१९९४ साली पॉल मिल्ग्रॅम आणि फुमिओ किशिनो यांनी एक सरळ रेषा कल्पिली. एका टोकाला निखळ वास्तव, दुसऱ्या टोकाला संपूर्ण आभास आणि मधले सारे ‘मिश्र वास्तव’. ऑगमेंटेड, अर्थात संवर्धित वास्तव हा त्यांच्या मते मिश्र वास्तवाचाच, खऱ्या जगाकडे झुकलेला प्रकार होय. १९९७ साली रोनाल्ड अझुमा यांनी संवर्धित वास्तवाला तीन कसोट्या लावल्या : खरे आणि आभासी एकत्र दिसावे, आपल्या कृतीला तत्क्षणी प्रतिसाद मिळावा आणि आभासी वस्तू त्रिमितीत आपल्या जागी जुळून राहावी. ‘ज्युरासिक पार्क’मधील डायनोसॉर खऱ्या रानात वावरताना दिसतात, परंतु प्रेक्षकाला प्रतिसाद देत नाहीत, म्हणून ते संवर्धित वास्तव नव्हे.

या कसोट्यांवर रूढ समजही घासून पाहता येतात. आयव्हॅन सदरलँड यांचे १९६८चे डोक्यावर चढवायचे यंत्र व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचे आद्य यंत्र म्हणून गौरवले जाते. परंतु त्याच्या अर्धपारदर्शक आरशांतून खोलीही दिसे आणि तिच्यात रेषाकृती तरंगत. आजच्या व्याख्येने ते संवर्धित वास्तवच ठरते.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. संपूर्ण आभासात रमलेल्या मुलाला समोरचा जिना दिसत नाही. तेथे घरातील कोणीतरी जवळ उभे राहावे लागते. २०१६ साली आलेल्या ‘पोकेमॉन गो’ या खेळात रस्ता समोर असतो, पण लक्ष मोबाइलच्या पडद्यात. तेथे धोका रहदारीचा. शिवाय कॅमेरे बसवलेले आजचे एकच यंत्र दोन्ही अनुभव देऊ शकते. म्हणून वर्गीकरण यंत्राचे नव्हे, अनुभवाचे करावे.

असे यंत्र घरात आणताना केवळ नावावर विसंबू नका. खरे जग किती दिसते, आभास प्रतिसाद देतो का आणि तो जागेवर टिकतो का, हे विचारा. साप कोणीही दाखवो, दिवा आपल्याच हाती असावा.