माकडाहून लांब भुंगेरा



भुंगेरा मोठा की माकड, असं विचारलं तर शेंबडं पोरही माकड म्हणेल. ॲमेझॉनच्या जंगलात मात्र हे उत्तर चुकू शकतं. तिथला टायटन भुंगेरा 16 सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याच जंगलातलं पिग्मी मार्मोसेट हे जगातलं सर्वांत छोटं माकड, शेपूट वगळता 12 ते 15 सेंटिमीटरच भरतं. वजन जेमतेम 100 ते 120 ग्रॅम.

मग भुंगेरा आणखी का वाढत नाही? त्याला फुप्फुसं नसतात. अंगाच्या दोन्ही बाजूंच्या बारीक छिद्रांतून हवा आत शिरते आणि नळ्यांच्या जाळ्यातून थेट पेशींपर्यंत जाते. अंग वाढलं की नळ्याही वाढवाव्या लागतात आणि त्याच आतली जागा खाऊ लागतात.

माकडाची अडचण उलटी. त्याचं रक्त गरम. अंग जितकं लहान, तितकी ऊब लवकर निसटते आणि तितकंच सारखं खावं लागतं. मार्मोसेट खालच्या दातांनी झाडाच्या सालीला भोकं पाडतं, टोकदार नखांनी खोडाला चिकटून बसतं आणि पाझरलेला डिंक चाटतं. तीच भोकं पुन्हा पुन्हा कोरून ताजी ठेवतं. बहुधा जुळी होतात. त्यांना पाठीवर वागवायला बाप आणि मोठी भावंडंही असतात.

टायटनला असला संसार नाही. पेन्सिल मोडेल एवढा ताकदवान जबडा असूनही प्रौढ भुंगेरा काही खात नाही. अळीपणी साठवलेल्या चरबीवर काही आठवडे काढायचे, जोडीदार शोधायचा आणि संपायचं.

आकाराचं हे गणित जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1926 मध्ये ‘ऑन बीइंग द राइट साइज’ या लेखात सोपं करून सांगितलं होतं.

म्हणजे भुंगेरा त्याच्या कुळाच्या वरच्या टोकाला पोचला आणि माकड खालच्या. बाकीच्या भुंगेऱ्यांनी या टोकाचा सोस केला नाही. बहुतेक चिमुकलेच राहिले, आणि ते त्यांना चांगलंच मानवलं. माणसासकट सगळी माकडं, वानरं आणि लेमूर मोजले तरी जाती 500 च्या आसपास. भुंगेऱ्यांच्या आजवर नोंदलेल्या जाती सुमारे 4 लाख आहेत.