खताचा खड्डा आणि हिशेबाची वही



आम्ही जन्मभर हाती खडू धरला, नांगर नव्हे. परंतु येथे जमलेल्यांपैकी अनेकांची जमीन अद्यापि गावी आहे, आणि ती ठेवावी की विकावी हा प्रश्न घरोघरी निघत आहे. जमिनीचा गेलेला कस परत आणणाऱ्या शेतीस हल्ली पुनरुज्जीवक शेती म्हणतात. ती परवडते काय, एवढेच आज पाहावयाचे आहे.

नाव नवे असले तरी विचार जुना आहे. १९२४ साली इंदूर येथे निघालेल्या कृषिसंशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी यशवंत वाड या सहकाऱ्यासह खताची 'इंदूर पद्धत' सिद्ध केली. १९३१ साली दोघांच्या नावे तिजवर ग्रंथही निघाला. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली गोठ्यातील माती आणि राख यांचे थर द्यावयाचे, ढीग वेळोवेळी वरखाली करावयाचा, की सुमारे ३ महिन्यांत खत तयार. कापसाच्या पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. येथे शेण हे विरजण होय. दूध म्हणजे काडीकचरा. पुष्कळांच्या हे ध्यानी येत नाही, आणि पाचट पेटवून दिले जाते.

याचे महत्त्व आकड्यांनी पटेल. इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे. ज्या पट्ट्यास दरसाल हेक्टरी ३५ टन शेणखत दिले, त्यातील सेंद्रिय कर्ब बिनखताच्या पट्ट्याच्या दुपटीहून अधिक झाला. पीकही रासायनिक खताच्या तोडीचे आले. परंतु ३५ टन म्हणजे एकरी १४ टन! एका जनावराचे दिवसाचे शेण १० किलो धरले, तर बैलजोडीचे वर्षाचे ओले शेण सुमारे ७ टन, आणि कुजल्यावर त्याहून पुष्कळच कमी. त्यात अर्धा एकरही भागत नाही. शिवाय त्या पट्ट्यातून नायट्रेटही पाण्याबरोबर अधिक झिरपले. शेणखत म्हणजे निव्वळ पुण्य, असे कोणी समजू नये.

घाईचा परिणाम श्रीलंकेने भोगला. २०२१ च्या एप्रिलात तेथील सरकारने रासायनिक खतांची आयात एकाएकी बंद केली. भात घसरला, चहा घटला, तांदूळ बाहेरून आणावा लागला. नोव्हेंबरात माघार घ्यावी लागली. कर्ब वर्षानुवर्षे साठत असतो.

म्हणून आमची विनंती अशी की, ज्यांचे भाऊबंद गावी जमीन कसतात त्यांनी सबंध रान पणास न लावता एकच पट्टा निराळा राखावा. आरंभी माती तपासून घ्यावी, कर्ब ०.५ टक्क्याहून कमी असल्यास तो अल्प समजतात. पुढे ५ वर्षे दोन्ही बाजूंचे पीक, पाणी, विकतचे खत व मजुरी वहीत मांडावी. घरातील बायामुलांनी खड्डा भरला, ढीग परतला, त्याचीही मजुरी लिहावी. ती आजवर कोणी लिहिली नाही, म्हणूनच घरचे खत फुकट भासते. आणि जिने पाट्या वाहिल्या तिचे नाव कोणत्याच हिशेबात नसते.

या वह्या वाचून त्यांची बेरीज-वजाबाकी करून देण्यास आम्ही आनंदाने तयार आहोत. अक्षर मात्र लागेल असे असावे.