दोन अब्जांवरची एक संख्या



पालक सभेत एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. "सर, पोराला हिशेब आला, पुरे झाले. या मूळ संख्या अन् घातांक त्याला कशाला?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आज एकाच संख्येची हकिकत सांगतो.

ती संख्या २,१४,७४,८३,६४७. एकतीस वेळा २ मांडून त्यांचा गुणाकार करा आणि त्यातून १ वजा करा, की ती मिळते. १ आणि ती स्वतः यांखेरीज कशानेही तिला निःशेष भाग जात नाही, म्हणजे ती मूळ संख्या आहे. पण खात्री कशी करावी? अवयव असलाच, तर निदान एक तरी वर्गमुळाच्या, म्हणजे ४६,३४० च्या आत सापडला पाहिजे. तेवढे भागाकार करायचे कोणी?

ते काम १७७२ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे लिओनार्ड ऑयलर या थोर गणितज्ञांनी तडीस नेले. वय पासष्टीच्या घरात, दृष्टी जवळजवळ गेलेली. ते तोंडी सांगत आणि इतर लिहून घेत. त्यांनी आधी भागाकारच कमी केले. लहान उदाहरण घेऊ. २ च्या ११ व्या घातातून १ वजा केला की २०४७ उरतात. त्यांचे अवयव २३ आणि ८९. दोहोंतून १ वजा करा: २२ आणि ८८. दोहोंना ११ च्या दुपटीने भाग जातो. हा योगायोग नव्हे, नियम आहे. आपल्या संख्येचा मूळ अवयव असेल, तर त्यातून १ वजा केल्यावर ६२ ने भाग गेलाच पाहिजे. शिवाय त्याला ८ ने भागले असता बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. या दोन चाळण्यांतून ४६ हजारांपैकी केवळ ३७३ संख्या खाली येतात, आणि त्यांतही मूळ असतील तेवढ्याच तपासायच्या. एकानेही भाग गेला नाही.

पुढे १८११ मध्ये इंग्लंडच्या पीटर बार्लो यांनी लिहिले की, या संख्येपासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येहून मोठी कोणी शोधणार नाही. असल्या संख्या नवलाच्या, उपयोगाच्या नव्हेत. (परिपूर्ण म्हणजे ६ सारखी: १, २ आणि ३ मिळून ६.) आमच्या पालकांचाच प्रश्न, नाही का? पण १८७६ मध्ये फ्रान्सच्या एदुआर ल्युका यांनी २ च्या १२७ व्या घातापासून मिळणारी ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवून दिले.

आणि उपयोग? संगणकाला पुष्कळदा चिठ्ठ्या टाकून काढाव्यात तशा संख्या लागतात. १९६९ मध्ये आयबीएमच्या सिस्टीम ३६० या संगणकासाठी एक रीत प्रसिद्ध झाली. हाती असलेल्या संख्येला १६,८०७ ने गुणा, आपल्या संख्येने भागा. बाकी उरेल ती पुढची चिठ्ठी. दोन अब्जांवर चिठ्ठ्या निघेपर्यंत एकही पुन्हा येत नाही, आणि हे ती संख्या मूळ आहे म्हणूनच साधते.

उपयोगाला १९७ वर्षे लागली. इतकी वाट कोणत्याही बापाला परवडणार नाही, हे मी जाणतो. माझे मागणे एवढेच आहे की, कष्टाला हात घालण्यापूर्वी ४६ हजारांचे ३७३ कसे करावेत हे मुलाला, आणि मुलीलाही, शिकू द्यावे. ते दुकानाच्या गल्ल्यावरही चालते.

विद्यार्थ्यांना एक काम देतो. २ च्या १३ व्या घातातून १ वजा केला की ८,१९१. वर्गमूळ ९१ च्या आत. पहिल्या चाळणीतून २७, ५३ आणि ७९ या तीनच संख्या सुटतात. दुसरी चाळण लावा. एकच भागाकार उरेल. तो आज घरी, आईवडिलांच्या समोर बसून करा.