इंग्रजी ‘टी’ एक, मराठी अक्षरं तीन

(मंडळाच्या गणेशोत्सवात सभासदांसमोर झालेलं भाषण)



आरत्या झाल्या, मंत्रपुष्पांजली झाली, प्रसादही झाला. आता थोड्या वेळानं रिवाजाप्रमाणे गाण्याच्या भेंड्या सुरू होतील. त्याआधी भेंड्यांबद्दलच दोन शब्द बोलायची परवानगी मी अध्यक्षांकडून घेतली आहे.

गेली काही वर्षं आपल्या भेंड्यांत एक गोष्ट सगळ्यांच्याच लक्षात आली असेल. पन्नाशीच्या पुढची मंडळी गातात आणि मुलं टाळ्या वाजवतात. दोन-तीन अक्षरं झाली की मुलं हळूच उठून बाहेर जातात. त्यांना गाणी येत नाहीत, असं मुळीच नाही. त्यांना शेकडो गाणी तोंडपाठ आहेत, पण ती इंग्रजी, आणि इंग्रजी गाणं भेंडीत म्हटलं की आपण ‘हे चालणार नाही’ म्हणून मोकळे होतो.

माझी सूचना अशी की ती चालवून घ्यावीत. मात्र एक अट घालावी. अक्षर धरायचं ते मराठी, म्हणजे कानाला ऐकू येईल आणि देवनागरीत लिहिता येईल ते. या एका अटीनं काय काय घडतं, तेच मला सांगायचं आहे.

इंग्रजी ‘टी’चं उदाहरण घ्या. इंग्रजी सूचीत या अक्षराखाली गाण्यांची भली मोठी रांग लागते. ती मराठी कानानं ऐकत गेलं की त्या एका रांगेच्या तीन रांगा होतात. जॉन डेन्व्हरचं १९७१ सालचं ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ आणि कार्पेंटर्स या बहीण-भावाचं ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ ही ‘ट’ची गाणी. मायकेल जॅक्सनचं ‘थ्रिलर’ आणि ॲबाचं ‘थँक यू फॉर द म्युझिक’ ही ‘थ’ची. सायमन आणि गारफंकल यांचं ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ आणि ॲबाचंच ‘द विनर टेक्स इट ऑल’ ही ‘द’ची. भेंड्यांत ‘थ’ आला की आपल्या भल्याभल्यांची दांडी उडते. तिथे आता मुलं मदतीला येतील.

‘सी’चंही तसंच. ‘कॅलिफोर्निया ड्रीमिन’ हे ‘क’चं, ‘सिसिलिया’ हे ‘स’चं आणि ॲबाचं ‘चिकितिता’ हे ‘च’चं. उलट काही ठिकाणी इंग्रजीतली वेगवेगळी अक्षरं आपल्याकडे एका घरात नांदतात. बॉब डिलनचं ‘नॉकिंग ऑन हेवन्स डोअर’ इंग्रजीत ‘के’खाली सापडतं, आपल्याकडे मात्र सरळ ‘न’मध्ये. क्रॅनबेरीज या आयरिश बँडचं १९९४ सालचं ‘झॉम्बी’ तिकडे शेवटच्या अक्षराखाली पडून असतं, आपल्याकडे ते ‘झ’ची अडचण सोडवतं.

आता कुणी विचारेल, पाश्चात्त्य गाण्यांना अक्षर लावून मिळवायचं काय? याचं उत्तर आपण गाणी कशी ऐकतो यात आहे. एरवी आपण गायक धरून ऐकतो, नाहीतर सिनेमा धरून. लताबाई आवडल्या की लताबाईच. मुलंही तसंच करतात, एक बँड आवडला की वर्षभर तोच. अक्षराला असा पक्षपात ठाऊक नाही. ‘ज’ धरला की १९३० सालचं ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ हाती लागतं, जे पुढे १९६० मध्ये रे चार्ल्सनं गाऊन अजरामर केलं. त्याच्याच शेजारी १९५६ सालचं हॅरी बेलाफॉन्टेचं ‘जमैका फेअरवेल’ बसलेलं असतं आणि त्याच्या पलीकडे बालवाडीपासून पाठ असलेलं ‘जिंगल बेल्स’. एरवी या तिघांची गाठ पडायचं काहीच कारण नव्हतं.

त्या ‘जिंगल बेल्स’ची गंमत ऐका. जेम्स पिअरपॉन्टनं १८५७ मध्ये ते प्रसिद्ध केलं तेव्हा त्याचं नाव होतं ‘वन हॉर्स ओपन स्ले’, म्हणजे एका घोड्याची उघडी बर्फगाडी. दोन वर्षांनी आजचं नाव मिळालं. शब्द नीट ऐकले तर त्यात नाताळचा उल्लेखसुद्धा नाही. म्हणजे हे गाणं आधी इंग्रजीत ‘ओ’चं आणि आपल्या हिशेबानं ‘व’चं होतं, नंतर ‘ज’चं झालं. बीटल्सच्या ‘यस्टरडे’चंही असंच. पॉल मॅकार्टनीला चाल आधी सुचली आणि शब्द सापडेपर्यंत तो ते गाणं ‘स्क्रॅम्बल्ड एग्ज’ म्हणून गुणगुणत होता. अंड्याची भुर्जी तशीच राहिली असती, तर ‘य’वरचं एक हमखास गाणं आपण गमावून बसलो असतो!

चालीही अशाच घर बदलतात. ‘जुर्म’ या १९९० सालच्या चित्रपटातलं ‘जब कोई बात बिगड जाए’ आपल्या सगळ्यांना येतं. त्याची चाल ‘फाइव्ह हंड्रेड माइल्स’ या अमेरिकन लोकगीताची. तिकडे ‘फ’, इकडे ‘ज’. ‘वी शॅल ओव्हरकम’ हे अमेरिकेतल्या नागरी हक्कांच्या लढ्याचं गाणं ‘व’चं. गिरिजाकुमार माथुरांच्या लेखणीतून हिंदीत उतरलं आणि आपल्या शाळाशाळांत ‘हम होंगे कामयाब’ म्हणून ‘ह’चं झालं. आजोबांनी एक म्हणावं आणि नातीनं दुसरं. चाल एकच आहे हे दोघांनाही भेंड्यांतच कळेल.

एक वाद मात्र आधीच मिटवून ठेवायला हवा. आपलं गाणं त्याच्या पहिल्या ओळीवरून ओळखलं जातं, त्यांचं गाणं नावावरून, आणि ते नाव पहिल्या ओळीत असेलच असं नाही. क्वीनचं १९७५ सालचं ‘बोहेमियन रॅप्सडी’ जवळजवळ सहा मिनिटं चालतं आणि त्या सहा मिनिटांत हे दोन शब्द एकदाही येत नाहीत. म्हणून नियम असा करू: अक्षर नावाचं धरायचं, पण गाण्याच्या दोन ओळी सुरात म्हणून दाखवायच्या. नुसतं नाव सांगून गुण मिळणार नाही. पुढचं अक्षर त्या म्हटलेल्या ओळीच्या शेवटचं.

क्वीनचं नाव निघालंच आहे, तर मुलांना एक सांगतो. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचं खरं नाव फारुख बलसारा. घराणं पारशी, जन्म झांझिबारचा, शाळा आपल्या पाचगणीची. आणि बलसारा हे आडनाव आलं बलसारवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून. सिल्वाशाहून आपण कामाधंद्याला जातो-येतो, तेच वलसाड. जगभर वाजणारं गाणं दरवेळी फार लांबूनच आलेलं असतं, असं नाही.

आता वडीलधाऱ्यांकडे वळतो. या सगळ्यात आपलं काय राहणार, अशी शंका तुमच्या मनात आली असेल. आपली वर्णमाला आठवून बघा. घ, छ, ठ, ढ, ध, भ. इंग्रजीत हे उच्चार वेगळे मानलेच जात नाहीत, म्हणून या अक्षरांचं इंग्रजी गाणं शोधून सापडायचं नाही. आणि आपल्याकडे? ‘भ’ आणि ‘ध’ म्हटलं की अभंग, गवळणी, नाट्यपदं, भावगीतं ओठावर येतात. म्हणजे ‘थ’ आणि ‘झ’ नातवंडांकडे, ‘घ’ आणि ‘भ’ आजीकडे. नुसत्या मुलांचा संघ हरणार आणि नुसत्या मोठ्यांचाही. जिंकायचं तर आजी आणि नात एकाच बाजूला हव्यात. ‘ण’ आला तर ‘न’ आणि ‘ळ’ आला तर ‘ल’, ही आपली जुनी सवलत दोघींनाही लागू.

यात खेळापेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि तिच्यासाठीच मी इथे उभा आहे. आपली मुलं शाळेत इंग्रजी, बाजारात गुजराती आणि हिंदी, आणि घरात मराठी बोलतात. बोलतात खरं, पण लिहिण्या-वाचण्याची वेळ आली की अडखळतात. ‘थ’ आणि ‘ध’ यांत फरक काय, ‘झ’ कसा काढायचा, हे पुस्तक पुढे करून शिकवायला गेलं तर ती पळतात. त्यांनाच सांगून बघा, ‘तुझ्या आवडीच्या वीस गाण्यांची नावं देवनागरीत लिही आणि अक्षराप्रमाणे लाव.’ दर आठवड्याला एक अक्षर. वहीत तीन रकाने: गाणं, गायक, साल. ‘थ्रिलर’ लिहिताना ‘थ’ला ‘र’ कसा जोडायचा, ते पोर आपणहून विचारायला येईल. पुढच्या गणपतीपर्यंत वही भरली तर तिला मंडळानं बक्षीस द्यावं, अशी माझी कार्यकारिणीला विनंती आहे.

या भूमीला गाण्याचं ऋण आहे. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झालं. त्या मोहिमेसाठी लता मंगेशकरांनी पुण्यात कार्यक्रम करून निधी उभा करून दिला होता आणि सुधीर फडके तर स्वतःच लढ्यात उतरले होते. अशा ठिकाणी एकाच घरातली दोन माणसं केवळ गाणी वेगवेगळी म्हणून एकमेकांशी मुकी बसावीत, हे बरं नव्हे.

तेव्हा मागच्या रांगेतल्या मित्रांनो, पुढे या. आपापल्या आजी-आजोबांच्या शेजारी बसा. आजच्या भेंड्यांचं पहिलं अक्षर मी देतो. बाप्पाचं नाव घेऊन सुरुवात करायची, तेव्हा अक्षर आलं ‘ग’. इंग्रजी गाणं चालेल.

गणपती बाप्पा मोरया!