गाणं कुणाचं?

गणपती जवळ आले की पेण-रोह्याच्या आळ्यांतून बेंजो पार्ट्यांच्या तालमी सुरू होतात. पोरं ढोल, ऑक्टोपॅड जमवतात, दोन-तीन हंगाम गाजवतात आणि पार्टी फुटते. कुणी धाटावच्या कारखान्यात लागतो, कुणी मुंबई गाठतो. पार्टी फुटली याचं मला दुःख नाही. ती काय गाऊन गेली, हे मला महत्त्वाचं वाटतं.

लंडनचा ‘सेक्स पिस्टल्स’ हा पंक रॉक बँडही असाच अल्पायुषी; तो १९७५ मध्ये उभा राहिला आणि जानेवारी १९७८ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यात संपला. अल्बम एकच. वाजवण्यात ही पोरं कच्ची होती, पण बेकार, चिडलेल्या तरुणांचं म्हणणं त्यांनी आपल्याच शब्दांत मांडलं. ब्रिटनच्या राणीच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षं झाली त्या १९७७ साली त्यांनी थेट राणीवर गाणं केलं. बीबीसीनं ते लावायचं नाकारलं, तरी खपाच्या यादीत ते दुसरं आलं.

त्याच दशकात मुंबईत ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ गाजत होता. तो पंक नव्हे, पण तितकाच बेभान. गायक मधुकर चंद्र धस, बास गिटारवर कीथ कांगा, ड्रमवर बशीर शेख. वादनात ही मंडळी पिस्टल्सच्या कितीतरी पुढे. पण त्यांच्या कार्यक्रमांत भर होता तो परदेशी गाण्यांवर. त्यांचा एकुलता एक अल्बम ‘ऑब्सेशन ७७’ बाजारात आला १९८१ मध्ये, बँड विखुरल्यावर. पुढे २०११ मध्ये एका अमेरिकन कंपनीनं त्यांचं संगीत पुन्हा काढलं, तेव्हा जगाला त्यांची ओळख झाली. एवढ्या ताकदीच्या माणसांनी आपल्या गल्लीचं गाणं केलं असतं तर! ही हळहळ माझ्या मनातून जात नाही.

पण हे अशक्य नव्हतं. धस १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ या रॉक संगीतनाटकात येशू झाले, तेव्हा जूडास होते नंदू भेंडे. हेच भेंडे १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’ या नाटकात मराठीतून रॉक गायले. मराठीला रॉकची चाल झेपते, हे त्यांनी दाखवून दिलं.

तेव्हा पेण-रोह्याच्या मुलांनो, हमरापूरच्या मूर्तिशाळांत रात्री जागवणाऱ्या हातांवर, धाटावच्या कंत्राटी पाळीवर, कुंडलिका नदीच्या पाण्यावर एक तरी गाणं यंदा बसवा. शब्द तुमचे, चाल तुमची. आणि पार्टी फुटायच्या आत ते मोबाइलवर नीट रेकॉर्ड करून ठेवा.