परदेशी विद्यापीठाची फी : आकडा आणि त्यामागील हिशेब

(आंबोली येथे विद्यार्थी व पालकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कोकणातील घराची चूल मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरीवर पेटे, असा एक काळ होता. गिरणीत, गोदीत वा एखाद्या खानावळीत राबणारा चाकरमानी महिन्याकाठी चार पैसे गावी पाठवी आणि त्यावर धाकट्या भावंडांची शाळा चाले. आता काही घरांपुरती का होईना, या प्रवाहाची दिशा उलटली आहे. मुलगा किंवा मुलगी परदेशातील विद्यापीठात प्रवेश मिळविते आणि पैसा गावातून बाहेर जातो. तोही डॉलर, पौंड किंवा युरो होऊन. अशा वेळी पालकांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो "फी किती?" हा. प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याला एकच एक उत्तर नाही. फी कोणाकडून, कशाच्या हिशेबाने, कोणत्या तारखेला आणि कोणत्या चलनात घेतली जाते, हे समजल्याखेरीज नुसता आकडा ऐकून हुरळून जाण्यात अर्थ नाही आणि घाबरून जाण्यातही नाही.

एकाच वर्गात, एकाच बाकावर बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांची फी वेगवेगळी असू शकते, ही गोष्ट आपल्याकडील पालकांना प्रथम चमत्कारिक वाटते. ब्रिटनचे उदाहरण घ्यावे. तेथे १९६७ साली प्रथमच परदेशी विद्यार्थ्यांसाठी निराळा दर ठरविण्यात आला. स्थानिकांना वर्षाला ७० पौंड, तर परदेशीयांना २५०. पुढे १९८० पासून नव्याने येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याने आपल्या शिक्षणाचा संपूर्ण खर्च स्वतःच सोसावा, असे धोरण आले. आज इंग्लंडमधील स्थानिक विद्यार्थ्याच्या पदवी अभ्यासक्रमाच्या फीवर सरकारची कमाल मर्यादा आहे. परदेशी विद्यार्थ्याच्या फीवर ती नाही. ती फी विद्यापीठ स्वतः ठरविते आणि त्याच्या जमाखर्चाचा मोठा भार या परदेशी फीवर उभा असतो. आपला अर्ज आल्यावर तेथून तत्परतेने उत्तर येते, त्यामागे हेही एक कारण आहे, हे ध्यानात असू द्यावे.

अमेरिकेत भेद आणखी वेगळा. तेथील राज्य सरकारांच्या विद्यापीठांत त्या राज्याचा रहिवासी आणि बाहेरचा असे दोन दर असतात आणि आपला विद्यार्थी बाहेरच्यांत मोडतो. खाजगी विद्यापीठात बहुधा सर्वांना एकच दर. मात्र तो मुळातच मोठा. शिवाय अनेक ठिकाणी फी वर्षावर नव्हे, तर 'क्रेडिट'वर आकारली जाते. क्रेडिट म्हणजे विषयाचे वजन. एका सत्रात जितक्या क्रेडिटचे विषय घ्यावेत, तितक्या पटीने बिल. म्हणून माहितीपत्रकात दिसणारा आकडा एका क्रेडिटचा आहे, एका सत्राचा आहे की संपूर्ण वर्षाचा, हे प्रथम पाहावे. या एका चुकीने घरचा हिशेब पार कोलमडतो.

जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, असे ऐकून अनेकांचे डोळे चमकतात. ते बऱ्याच अंशी खरे आहे. केवळ सत्राचे किरकोळ शुल्क द्यावे लागते. परंतु बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो आकारण्यास प्रारंभ केला आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानेही २०२४ पासून अशा विद्यार्थ्यांना फी लावली. त्याखेरीज व्हिसासाठी निर्वाहाची रक्कम आधीच एका बंदिस्त खात्यात ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती वर्षाला ११,९०४ युरो ठरविण्यात आली. हा पैसा विद्यार्थ्याचाच असतो आणि तेथे गेल्यावर महिन्या-महिन्याने त्याच्या हाती येतो; पण निघण्यापूर्वी तो उभा करावा लागतोच. युरोपच्या उत्तरेस डेन्मार्कने २००६ साली, स्वीडनने २०११ साली, फिनलंडने २०१७ साली आणि नॉर्वेने २०२३ साली परदेशीयांना फी लागू केली. चार-पाच वर्षांपूर्वी तेथे शिकून आलेल्या शेजाऱ्याच्या मुलाचा अनुभव आजच्या हिशेबास प्रमाण मानू नये, तो यासाठी.

फी आणि निर्वाह या दोन गोष्टी एकमेकींपासून किती वेगळ्या आहेत, हे महाराष्ट्राला एका थोर विद्यार्थ्याच्या चरित्रातून ठाऊक आहे. ज्यांचे मूळ गाव याच कोकणातील, मंडणगड तालुक्यातील आंबडवे, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले, ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती आणि तिच्या मोबदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. त्या रकमेत शिक्षण, खाणेपिणे, पुस्तके आणि घरी पाठवावयाचे पैसे एवढे सारे बसवावयाचे होते. १९१६ साली ते लंडनला गेले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. विद्यापीठाने अपुरा अभ्यास पुढे पुरा करण्यास चार वर्षांची सवलत दिली होती. सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकाच्या पगारातून त्यांनी बचत केली. त्यात राजर्षी शाहू महाराजांच्या साहाय्याची आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेल्या कर्जाची भर पडली. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली त्यांनी डी.एस्‌सी. पदवी संपादन केली. दान, बचत आणि कर्ज ही तिन्ही साधने एका विद्यार्थ्याला वापरावी लागली. बुद्धी कोठेच कमी पडली नव्हती; मुदत आणि पैसा यांचा मेळ तेवढा बसत नव्हता.

तो मेळ आजही बसवावा लागतो. प्रवेशपत्र हाती आल्यावर बहुतेक विद्यापीठे फीपैकी काही रक्कम अनामत म्हणून मागतात. ती भरल्याखेरीज ब्रिटनसारख्या देशात व्हिसासाठी लागणारे विद्यापीठाचे पत्र सहसा मिळत नाही. त्यानंतर व्हिसाच्या अर्जासोबत पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा निर्वाहखर्च आपल्यापाशी आहे, याचा पुरावा द्यावा लागतो. आणि ती रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. आदल्या आठवड्यात मामाकडून उसने आणून खात्यात भरलेले पैसे तेथे चालत नाहीत. अमेरिकेतही प्रवेशाचे अधिकृत पत्र मिळण्यापूर्वी निदान एका वर्षाच्या खर्चाची सोय दाखवावी लागते. अनामत परत मिळण्याचे नियम प्रत्येक विद्यापीठाचे निराळे. व्हिसा नाकारला गेल्यास काय, विद्यार्थ्याने स्वतः बेत बदलल्यास काय, सत्र सुरू झाल्यावर कितव्या आठवड्यापर्यंत किती रक्कम परत, हे पैसे पाठविण्यापूर्वी वाचावे. नंतर वाचून उपयोग नसतो.

पैसे पाठविणे हेही एक काम आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे भारतातील व्यक्तीस एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठविता येते. त्यासाठी पॅन आणि बँकेचा ठरावीक अर्ज लागतो. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर उगमस्थानी कर वसूल होत नाही आणि मान्यताप्राप्त संस्थेच्या शिक्षणकर्जातून जाणाऱ्या रकमेवर तो मुळीच नाही. रक्कम वाटेत दुसऱ्या बँकेतून जाते, तेव्हा ती बँक आपला आकार कापून घेते; मग विद्यापीठाच्या खात्यात काही डॉलर कमी पोहोचतात आणि तेवढ्याने फी 'बाकी' दिसते. हा आकार आपण वेगळा भरतो, असे अर्जात नमूद करावे आणि विद्यार्थ्याचा क्रमांक लिहावयास विसरू नये. फी थेट विद्यापीठाच्याच खात्यात जावी. मध्यस्थाच्या खात्यात कदापि नाही. परदेशी विद्यापीठांकडून अनेक मध्यस्थांना प्रत्येक प्रवेशामागे दलाली मिळते, तेव्हा त्याचा सल्ला फुकट दिसला तरी तो निःस्वार्थी असेलच असे नाही.

त्यातच चलनाचा भाव. २०१३ च्या प्रारंभी सुमारे ५५ रुपयांना मिळणारा डॉलर २०२४ च्या अखेरीस ८५ रुपयांच्या घरात गेला. २० हजार डॉलरची फी जागच्या जागी राहिली असती, तरी ११ लाखांची १७ लाख झाली असती. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाची फी आजच्या भावाने मोजणे म्हणजे पावसाळ्यातली लाकडे उन्हाळ्याच्या हिशेबाने रचणे होय.

आता आंबोलीकरांच्या दृष्टीने सर्वांत अवघड भाग. बँकांच्या प्रचलित आदर्श योजनेनुसार चार लाखांपर्यंतच्या शिक्षणकर्जास तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीन पुरतो आणि त्यापुढे स्थावर तारण मागितले जाते. निवडक नामांकित विद्यापीठांसाठी काही बँका याहून मोठी रक्कमही विनातारण देतात, हे खरे. पण सर्वसाधारण विद्यार्थ्यापुढे तारणाचा प्रश्न येतोच. घाटावर आणि घाटाखाली, आपल्या सातबाऱ्यावर आजोबांच्या भावांपासून चुलत-चुलत्यांपर्यंत पंधरा-वीस नावे असतात. त्यांतील निम्मे सहहिस्सेदार मुंबईत, दोघे-चौघे हयातही नाहीत. अशी जमीन बँक तारण घेत नाही. आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांत तर त्याहून जुना गुंता आहे. सावंतवाडी संस्थानच्या काळापासून कबुलायतदार गावकर पद्धतीने कसलेल्या जमिनीच्या मालकीचा प्रश्न येथे अनेक दशके रेंगाळला. शासनस्तरावर त्याबाबत निर्णय व कार्यवाही होत आली आहे. तथापि, स्वतःच्या नावाचा उतारा हातात पडेपर्यंत बँकेच्या लेखी पिढ्यान्‌पिढ्या कसलेली ती जमीन तारण म्हणून नसल्यासारखीच. मुलीच्या बारावीच्या गुणपत्रिकेत काहीच उणे नसते. उणे असते ते तलाठ्याच्या दप्तरात. म्हणून वारसनोंद, वाटणीपत्र, घराचा नमुना आठचा उतारा या गोष्टी प्रवेशपत्र आल्यावर नव्हे, तर मूल पदवीच्या वर्गात असतानाच हाती घ्याव्यात.

कर्जाचा आणखी एक पैलू पालकांच्या नजरेआड राहतो. अभ्यासक्रम आणि त्यापुढील एक वर्ष हप्ता नसतो, हे सर्वांना ठाऊक असते. व्याज मात्र त्या काळातही चढत असते. २० लाखांचे कर्ज एकरकमी घेतले आणि दर शेकडा १० धरला, तर दोन वर्षांचा अभ्यास व एक वर्ष सवलत मिळून सरळव्याजानेच ६ लाख वाढतात. शक्य असल्यास निदान व्याज तरी दरमहा भरत जावे.

शिष्यवृत्त्यांची दारे पूर्वीपेक्षा अधिक आहेत. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मराठा समाजातील विद्यार्थ्यांसाठी 'सारथी'मार्फत २०२३ पासून सुरू झालेल्या योजनेस महाराजा सयाजीराव गायकवाड यांचेच नाव दिले आहे. इतर मागासवर्ग, अनुसूचित जमाती आणि खुल्या प्रवर्गातील गुणवंतांसाठीही स्वतंत्र योजना आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा आहेत. ही गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. उलट अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणकर्जावरील व्याजाची 'पढो परदेश' ही योजना २०२२ मध्ये बंद झाली, तरी जुन्या पुस्तिकांत तिचे नाव अद्याप सापडते. २०२४ ची पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना देशातील संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नव्हे. विद्यापीठाचे जागतिक क्रमांकयादीतील स्थान, कुटुंबाचे उत्पन्न आणि वय या अटी वर्षागणिक बदलतात, म्हणून त्या-त्या वर्षीची जाहिरातच वाचावी.

शिष्यवृत्तीची निवडयादी आणि विद्यापीठाची अनामतीची तारीख यांची गाठ पडेलच असे नाही. यादी लागण्यापूर्वीच अनामत भरण्याची पाळी येते. अशा वेळी विद्यापीठास लेखी विनंती करून मुदत वाढवून मागता येते, प्रसंगी प्रवेश पुढील सत्रावर नेता येतो. पुष्कळ विद्यापीठे हे मान्य करतात. पण विचारल्याखेरीज कोणी देत नाही. विनंतीसोबत शिष्यवृत्तीच्या अर्जाची पोच जोडावी.

आणि एक स्थानिक सूचना. परदेशातील वर्ष बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होते. म्हणजे फी, व्हिसा आणि बँकेच्या चकरा जून-जुलैमध्ये येतात. सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या आंबोलीत त्या दिवसांत वीज जाते, दूरध्वनी बंद पडतो आणि घाटात दरड आली की सावंतवाडीचा रस्ताही बंद होतो. उत्पन्नाचा दाखला, जातवैधता प्रमाणपत्र, उतारे आणि बँकेची पूर्वमंजुरी ही कामे मे महिन्याच्या आत उरकावीत. कागदपत्रांच्या दोन प्रती कराव्यात आणि त्यांतील एक सावंतवाडीच्या नातलगाकडे ठेवावी.