दाराबाहेरची घंटा

काल गच्चीवर कुणीतरी विचारलं, "कोडिंग सोडून परक्या मुलांचं काय घेऊन बसलीस?" कोडिंग सोडलेलं नाही. पण इंग्लंडमध्ये आमच्याकडे फॉस्टर म्हणून आलेल्या मुलाने पहिल्याच महिन्यात दोन दरवाजे फोडले, तेव्हा मी बग शोधावा तसं कारण शोधत होते.

त्याच्या थेरपिस्टबाईंनी मला मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांचा १९४९ सालचा लेख दिला. युद्धकाळात लंडनबाहेर पाठवलेल्या, सतत पळून जाणाऱ्या ९ वर्षांच्या मुलाला विनिकॉट पतिपत्नींनी ३ महिने घरी ठेवलं होतं. तो अनावर झाला की विनिकॉट त्याला दाराबाहेर ठेवत. घंटा वाजवली की आत घेत, झालेलं उगाळत नसत. बाहेर ठेवताना मात्र सरळ सांगत, की तुझ्या या वागण्याने मला तुझा तिरस्कार वाटतोय.

मी हादरलेच. बाई म्हणाल्या, "घरोघर फिरवलेलं मूल दोन गोष्टी तपासतं. तुम्ही खरंच चिडता का, आणि चिडूनही ठेवता का."

दाराबाहेर वगैरे आज चालणार नाही. त्या रात्री मी जिन्यातूनच म्हटलं, "मला तुझा भयंकर राग आलाय. जेवण झाकून ठेवलंय."

अकराला तो खाली आला. एक शब्द न बोलता दोन पोळ्या खाल्ल्या आणि ताट धुऊन ठेवलं.